लाटेचा प्रकार ओळखायचा कसा? पाइप, स्प्रिंग, परात आणि हलगी घेऊन

‘कणांचं कंपन लाटेच्या दिशेला लंब असेल तर अवतरंग, समांतर असेल तर अनुतरंग.’ हे वाक्य दहावी-अकरावीतलं कुणीही पोर झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवेल. त्यालाच संध्याकाळी सोलापूरच्या सिद्धेश्वर तलावाच्या काठावर उभं करा आणि समोरची लाट यांतली कोणती ते विचारा. बहुतेक उत्तर येतं ‘अवतरंग’, आणि ते अर्धंच बरोबर असतं.

घोटाळा पाठांतराचा नाही, नजरेचा आहे. लाट दिसली की आपली नजर तिच्याबरोबर काठापर्यंत धावते. पण प्रकार ठरतो तो लाट कुठे गेली यावरून नाही, तर ती गेली तेव्हा जागच्या जागी असलेल्या एका कणाने काय केलं यावरून. म्हणून खालच्या सगळ्या कृतींत नियम एकच: लाट जाऊ द्या, एक खूण पकडून ठेवा, आणि ती खूण कशी हलते ते बघा.

काय काय लागेल

पाच-सहा मीटर मऊ प्लॅस्टिकचा पाइप. सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही, त्यामुळे पिंप भरायचा पाइप घरोघरी असतोच, तोच घ्या. एक स्प्रिंगचं खेळणं, म्हणजे जिन्यावरून आपोआप उतरत जाणारी स्लिंकी. जत्रेत मिळते ती रंगीत प्लॅस्टिकची चालेल, पण लोखंडी मिळाली तर तीच घ्या. प्लॅस्टिकच्या स्प्रिंगमध्ये लाट लवकर विरते. खुणेसाठी लाल सुताचे तुकडे. यंत्रमागांच्या गावात ते विकत घ्यायची वेळ येऊ नये. शिवाय परात, एखादा लांबट चौकोनी ट्रे, मूठभर चुरमुरे, चमचाभर रवा, दोन फुगे, रुंद चिकटपट्टी, कुल्फीच्या पन्नासेक काड्या आणि स्लो मोशन चित्रण करणारा मोबाइल. सोबत एक माणूस हवा, आणि तो कंटाळणारा नसावा.

पायरी १: आधी यांत्रिक नसलेलं बाजूला काढा

यांत्रिक लाटेला माध्यम लागतं: दोरी, हवा, पाणी, खडक, काहीतरी. प्रकाश, रेडिओ, मोबाइलचे सिग्नल यांना लागत नाही, म्हणून ते या यादीत येत नाहीत. रॉबर्ट बॉइलने १६६० साली काचेच्या भांड्यात आवाज करणारी वस्तू ठेवून आतली हवा उपसली, तसा आवाज विरत गेला. वस्तू मात्र दिसत राहिली. एवढा फरक ध्यानात ठेवा आणि पुढे चला.

पायरी २: पाइप घ्या आणि अवतरंग बघा

पाइपचं एक टोक खिडकीच्या गजाला कमरेच्या उंचीवर पक्कं बांधा. दुसरं हातात धरून जरासा ताण द्या. मध्यावर लाल सूत बांधा. आता हात एकदाच वर नेऊन झटकन खाली आणा. एक उंचवटा पाइपवरून धावत जातो. त्याच्याकडे बघू नका, सुताकडे बघा: ते वर गेलं, खाली आलं, आणि होतं तिथेच थांबलं. खिडकीच्या दिशेने ते सरकलं नाही. लाट आडवी गेली, कण उभा हलला. हा अवतरंग.

हात आता डावी-उजवीकडे झटका. सूतही डावी-उजवीकडे जातं. लाटेच्या दिशेला लंब अशा दिशा एक नाही, कितीतरी आहेत, आणि अवतरंगाला त्यांतली कोणतीही चालते. हे तपासायचं असेल तर पाइप उभ्या दांड्यांची पाठ असलेल्या खुर्चीच्या दोन दांड्यांमधून ओवा. वर-खाली झटका दिला तर लाट पलीकडे जाते, आडवा दिला तर दांड्यांपाशी अडते. याला ध्रुवीकरण म्हणतात आणि ते फक्त अवतरंगालाच जमतं. एखादी लाट अवतरंग आहे की नाही याबद्दल वाद झाला तर निवाडा करणारी कसोटी हीच. प्रकाश हा अवतरंग आहे हे एकोणिसाव्या शतकात याच वळणाने पटलं.

आता वेगाकडे या, कारण इथे जवळजवळ प्रत्येक जण फसतो. लाट वेगाने धावावी म्हणून लोक हात जोरात झटकतात. जोरात झटकून बघा: लाट उंच होते, पण खिडकीपर्यंत पोचायला वेळ तेवढाच लागतो. वेग ठरवतात दोनच गोष्टी, पाइपचा ताण आणि पाइप मीटरमागे किती जड आहे ते. ताणाला मीटरमागच्या वस्तुमानाने भागा आणि वर्गमूळ काढा, की वेग मिळतो. ताण १० न्यूटन आणि वस्तुमान मीटरला १०० ग्रॅम असेल तर लाट सेकंदाला १० मीटर जाते. पाच मीटरच्या पाइपवरून अर्ध्या सेकंदात पार.

पडताळा घ्यायचा तर तोच पाइप पाण्याने भरा आणि दोन्ही तोंडं दुमडून घट्ट बांधा. अर्धा इंची पाइपच्या पोटात मीटरमागे सव्वाशे ग्रॅमच्या आसपास पाणी मावतं. ताण शक्य तितका पहिल्यासारखाच ठेवा. लाट खिडकीला आपटून परत येते, पुन्हा जाते. अशा दोन-तीन फेऱ्यांचा वेळ मोबाइलवर मोजा, कारण एका फेरीत बोटाचाच उशीर जास्त होतो. लाट मंदावलेली स्पष्ट दिसेल. पाणी भरून वजन दुप्पट झालं असेल तर वेग निम्मा मात्र होत नाही, तो १.४ पटीने कमी होतो. वर्गमूळ इथे डोळ्यांना दिसतं.

परत येणारी लाटही निरखून बघा. उंचवटा पाठवला होता, गजावरून परतला तो खळगा होऊन. गज जागचा हलत नाही, तो पाइपला उलट ओढतो, म्हणून. पाइप आणि गज यांच्यामध्ये मीटरभर बारीक दोरा बांधलात तर पाइपचं टोक मोकळं होतं आणि उंचवटा उंचवटाच राहून परततो.

पायरी ३: स्प्रिंग जमिनीवर ठेवा

स्प्रिंगसाठी शहाबादी फरशी उत्तम, तीही कॅरमची पावडर जराशी भुरभुरवलेली. दोघांनी दोन टोकं धरून स्प्रिंग दोन मीटर ताणा. मधल्या एका वेढ्याला लाल सूत बांधा. आता हात स्प्रिंगच्याच दिशेने पुढे ढकला आणि लगेच मागे घ्या. दाटलेल्या वेढ्यांचा एक पट्टा पळत जातो आणि त्याच्या मागे विरळ पट्टा. दाट भाग म्हणजे संपीडन, विरळ म्हणजे विरलन. सूत काय करतं? पुढे जातं, मागे येतं, लाटेच्याच रेषेत. हा अनुतरंग. आषाढीला पंढरपूरच्या दर्शनबारीत मागून धक्का आला की तो माणसामाणसांतून पुढे पोचतो, पण कुणाचा नंबर काही पुढे लागत नाही; तसंच.

आता हाताशी असलेल्या सगळ्या कृतींतली माझी आवडती. स्प्रिंग दोन मीटर ताणून लाट एका टोकाकडून दुसरीकडे जायला किती वेळ लागतो ते मोजा. मग तीच स्प्रिंग तीन मीटर ताणा आणि पुन्हा मोजा. अंतर दीडपट झालं, म्हणजे वेळही वाढायला हवा असं वाटतं. वाढत नाही. ताणल्यावर ताण वाढला आणि तेच वेढे जास्त लांबीवर पसरल्याने मीटरमागचं वजन घटलं. दोन्हींमुळे वेग वाढला, आणि अंतर जितक्या पटीने वाढलं तितक्याच पटीने वाढला. पाइपवर असं होत नाही, कारण पाइप ताणून फारसा लांबत नाही. स्प्रिंग मात्र बेताने ताणा. एकदा वाकडी झाली की ती परत सरळ होत नाही.

त्याच ताणलेल्या स्प्रिंगला आता फरशीवरच डावी-उजवीकडे झटका द्या. सूत आडवं हलतं: अवतरंग. म्हणजे माध्यम तेच आणि लाटा दोन प्रकारच्या. घन पदार्थांत दोन्ही चालतात. हवेच्या किंवा पाण्याच्या पोटात मात्र अनुतरंगच जातो. कारण अवतरंगाला शेजारच्या थराने बाजूला ओढून परत आणावं लागतं, आणि हवा-पाण्याचे थर एकमेकांवरून निसटतात. ते आकार धरून ठेवत नाहीत. दाबलं तर मात्र ते उलट दाबतात. ही गोष्ट शेवटच्या पायरीत पृथ्वीच्या पोटापर्यंत नेणार आहे, तेव्हा विसरू नका.

पायरी ४: न दिसणारा अनुतरंग, म्हणजे आवाज

आवाजाच्या लाटेला सूत बांधता येत नाही. फुगा मात्र धरता येतो. फुगा फुगवून दोन्ही तळव्यांत हलकेच धरा आणि हलगी किंवा ढोल वाजत असेल तिथे उभे राहा. सोलापुरात त्यासाठी फार दिवस थांबावं लागत नाही. मिरवणुकांचं गाव आहे. प्रत्येक ठोक्याला फुग्याचं कातडं तळव्याला गुदगुल्या करतं. हलगीचं चामडं पुढे आलं की समोरची हवा दाबली जाते, मागे गेलं की विरळ होते, आणि हेच दाब-विरळ तुमच्यापर्यंत येतं.

घन पदार्थात तोच आवाज जास्त वेगाने धावतो. हवेत तो सेकंदाला साडेतीनशे मीटरच्या आत-बाहेर, पाण्यात सुमारे १,४८० मीटर, पोलादाच्या सळईत पाच हजारांच्या आसपास. जाँ-बाप्तिस्त बियो या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८०८ साली पॅरिसमध्ये जवळजवळ किलोमीटरभर लांब लोखंडी पाइपवर प्रयोग केला. एका टोकाला ठोकलं की दुसऱ्या टोकाला आवाज दोनदा ऐकू येई, आधी लोखंडातून आणि अडीच सेकंदांनी हवेतून. सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागांच्या भिंतीला भिंत लावून राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. खडखडाट कानाला ऐकू येतो तसा तळपायालाही कळतो, कारण फरशी आणि भिंतही लाट वाहत असतात. भिंतीला कान लावा, टेबलाला लावा. रेल्वेच्या रुळाला मात्र चुकूनही नाही.

हवेतला वेग स्वतः मोजता येतो, तोही टाळ्या वाजवून. शाळेची किंवा गोदामाची मोठी सलग भिंत आणि समोर मोकळं पटांगण अशी जागा शोधा. भिंतीपासून टेपने मोजून ८५ मीटरवर उभे राहा. एक टाळी वाजवा, प्रतिध्वनी ऐका. मग अशा लयीत वाजवत राहा की प्रत्येक नवी टाळी आधीच्या टाळीच्या प्रतिध्वनीवर बरोबर पडेल. लय जमली की प्रतिध्वनी ऐकूच येत नाही; तो टाळीखाली झाकला जातो. सोबत्याने तेव्हा वेळ लावायची आणि २० अंतरं मोजायची. पहिली टाळी शून्य धरायची, एक नाही. निम्मे हिशेब इथेच बिघडतात. एका अंतरात आवाज १७० मीटर जाऊन येतो.

हाच प्रयोग जानेवारीतल्या सकाळी आणि मेमधल्या दुपारी करून बघा. शून्य अंशाला आवाजाचा वेग सेकंदाला ३३१ मीटर असतो आणि तापमान अंशाने वाढलं की तो सुमारे ०.६ मीटरने वाढतो. संक्रांतीच्या सुमाराला सकाळी पारा १५ अंशांवर असेल तर वेग ३४० मीटर, आणि २० अंतरांना १० सेकंद लागतील. वैशाखात ४२ अंशांवर वेग ३५६ मीटर होतो आणि वेळ येतो साडेनऊ सेकंदांच्या किंचित वर. अर्ध्या सेकंदाचा फरक साध्या मोबाइलवर सहज पकडता येतो. सोलापूरच्या उन्हाचा काहीतरी उपयोग व्हावा!

शंभर किलोमीटरवर विजयपूरचा गोलघुमट आहेच. शाळेची सहल गेली की पोरं तिथे आरोळ्या ठोकतात आणि खरी गंमत त्यात बुडून जाते. गर्दी कमी असेल अशा वेळी जा. घुमटाच्या आतल्या सज्जात एकाने भिंतीकडे तोंड करून कुजबुजायचं आणि दुसऱ्याने थेट समोरच्या बाजूला भिंतीला कान द्यायचा. आतला व्यास सुमारे ३८ मीटर. तेवढ्या अंतरावर कुजबुज उघड्यावर ऐकू येणं शक्य नाही. इथे ती वक्र भिंतीला धरून, पुन्हा पुन्हा परावर्तित होत, कडेकडेने पोचते. लंडनच्या सेंट पॉल चर्चच्या घुमटात लॉर्ड रॅले यांनी हाच प्रकार अभ्यासला होता. रॅले यांचं नाव पुढे पुन्हा येणार आहे.

पायरी ५: परात आणि तलाव

परातीत चार बोटं पाणी घ्या, मधोमध बोटाने ठरावीक लयीत टिचक्या द्या आणि पाण्यावर एक चुरमुरा सोडा. वरून बघितलं तर चुरमुरा नुसता वर-खाली होतो असं वाटतं. म्हणूनच लोक अवतरंग म्हणतात. आता पारदर्शक डबा घ्या, बाजूने मोबाइल लावून स्लो मोशनमध्ये चित्रण करा आणि चुरमुऱ्याचा माग काढा. उंचवटा येतो तेव्हा तो वर जाता जाता लाटेच्या दिशेने पुढे जातो, खळगा येतो तेव्हा खाली येता येता मागे येतो. खोल पाण्यात हा मार्ग जवळजवळ वर्तुळ होतो, उथळ पाण्यात चपटा लंबगोल. म्हणजे लंब हालचाल आणि समांतर हालचाल दोन्ही एकाच वेळी. पाण्याच्या पृष्ठावरची लाट ना नुसता अवतरंग ना नुसता अनुतरंग. तिला पृष्ठतरंग म्हणायचं.

फेरी पूर्ण झाल्यावर चुरमुरा मूळ जागी परततो, पण अगदी तंतोतंत नाही. दर फेरीला किंचित पुढे सरकतो. जॉर्ज स्टोक्स यांनी १८४७ साली हे गणिताने दाखवलं. सिद्धेश्वर तलावावर किंवा कंबर तलावावर वारा असेल तेव्हा तरंगणारं एखादं पान नजरेत धरा, हीच चाल दिसेल. पान वाऱ्याने पडलेलं पुरतं, त्यासाठी निर्माल्य टाकू नका. त्या लाटेचा जोर खाली मात्र पटकन संपतो: लाटेच्या लांबीच्या निम्म्या खोलीवर पाण्याचे कण वरच्या मानाने जेमतेम चार टक्के हलतात.

पाण्याच्या लाटांचा स्वभाव लांबीप्रमाणे बदलतो. पावणेदोन सेंटिमीटरहून आखूड लहरींवर पृष्ठताणाची सत्ता चालते, त्याहून लांब लाटांवर गुरुत्वाकर्षणाची. नेमक्या त्या लांबीची लाट सगळ्यांत मंद, सेकंदाला २३ सेंटिमीटर. खोल पाण्यावर मीटरभर लांबीची लाट सेकंदाला सव्वा मीटर जाते. याउलट पाणी लाटेच्या लांबीपुढे फारच उथळ असेल तर लांबीला कुणी विचारत नाही, वेग ठरतो खोलीवरून. तेही घरी दिसतं. ४० सेंटिमीटर लांबीच्या ट्रेमध्ये एक सेंटिमीटर पाणी घ्या, एक बाजू बोटभर उचलून हळूच खाली सोडा. पाणी या टोकाकडून त्या टोकाला हिंदकळत जातं, साधारण सव्वा सेकंदात. आता पाणी चार सेंटिमीटर करा. वेळ निम्म्यावर येतो. खोली चौपट, वेग दुप्पट. हेच सूत्र चार हजार मीटर खोल समुद्राला लावलं की त्सुनामीचा वेग निघतो: सेकंदाला सुमारे १९८ मीटर, म्हणजे ताशी सातशे किलोमीटरहून जास्त.

पायरी ६: न धावणारी लाट

पाइप पुन्हा गजाला बांधा. या वेळी एक झटका न देता लयीत हलवत राहा आणि लय हळूहळू वाढवा. एका लयीला पाइप एकाच मोठ्या फुगवट्यात डोलू लागतो. लय दुप्पट केली की दोन फुगवटे होतात आणि मधला एक बिंदू स्तब्ध राहतो. तिप्पट केली की तीन फुगवटे. जाणारी आणि परतणारी लाट एकमेकींत मिसळून हा स्थिर तरंग तयार होतो. स्तब्ध बिंदू तो निस्पंद, सर्वांत जास्त हलणारा तो प्रस्पंद. मधल्या लयींना पाइप नुसता वेडावाकडा फडफडतो. सूत निस्पंदावर बांधून बघा, हात कितीही हलवला तरी ते ढिम्म राहतं.

पापुद्र्यावरही असंच घडतं, आणि ते दिसतं फार देखणं. स्टीलच्या पातेल्यावर कापलेला मोठा फुगा ताणून बसवा, कडेला रबर लावा, वर चिमूटभर रवा पसरा. पातेल्याच्या कडेजवळ तोंड नेऊन ‘ऊऽऽ’ असा लांब सूर काढा, पण रव्यावर फुंकर जाऊ देऊ नका. सूर खालून वर चढवत न्या. काही सुरांना रवा नाचत नाचत हलणाऱ्या जागा सोडतो आणि न हलणाऱ्या रेषांवर गोळा होतो. कधी वर्तुळ, कधी व्यास, कधी दोन्ही. फुगा सगळीकडे सारखा ताणलेला नसेल तर आकृती वाकडी येते, मग रबर सोडून पुन्हा बसवा. अर्न्स्ट क्लाड्नी यांनी १७८७ मध्ये धातूच्या पत्र्यांवर वाळू टाकून अशा आकृत्या प्रसिद्ध केल्या.

हलगीवाला वाजवण्याआधी चामडं शेकोटीवर धरतो, तेही याच हिशेबात बसतं. शेकल्यावर चामड्यातली ओल जाते, ताण वाढतो, चामड्यावरची लाट वेगाने धावते आणि सूर चढतो. पाइपला जो नियम तोच हलगीला. पण साध्या गोल चामड्याची एक खोड आहे: त्याच्या कंपनांचे वरचे सूर मूळ सुराच्या दुप्पट-तिप्पट येत नाहीत, १.५९ पट, २.१४ पट असे आडनिडे येतात. म्हणून हलगीचा आवाज कडकडीत, पण त्यावर ‘सा’ लावता येत नाही. तबल्यावर लावता येतो, कारण मधली शाई. त्या शाईचं वजन हे आडनिडे सूर ओढून दुप्पट, तिप्पट, चौपटीच्या जवळ आणतं. भारतीय तालवाद्यांचा हा गुण चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२० साली मांडला आणि १९३४ मध्ये सविस्तर सिद्ध केला. वाद्यावर बारीक वाळू भुरभुरवून आकृत्या बघण्याची रीत त्यांनीही वापरली.

पायरी ७: पीळ

रुंद चिकटपट्टी दोन-अडीच मीटर लांब पसरा, चिकट बाजू वर. पाच-पाच सेंटिमीटरवर कुल्फीच्या काड्या आडव्या चिकटवा, काडीचा मध्य पट्टीच्या मध्यावर येईल अशा. वरून दुसरी पट्टी लावून टाका. दोघांनी टोकं धरून ताणा आणि एका टोकाची काडी टिचकीने खाली दाबून सोडा. पीळ काडीकाडीने सरकत जातो, इतक्या सावकाश की स्लो मोशनची गरज पडत नाही. इथे कण पुढेही जात नाही आणि पाइपसारखा सगळा मिळून वरही जात नाही. तो अक्षाभोवती वळून परत येतो. निम्म्या काड्यांच्या टोकांना मातीच्या गोळ्या चिकटवल्या तर त्या भागात पीळ आणखी मंद होतो, आणि जिथे गोळ्या सुरू होतात तिथून थोडी लाट मागे परततानाही दिसते. बेल प्रयोगशाळेतल्या जॉन शाइव्ह यांनी शिकवण्यासाठी बनवलेल्या यंत्राची ही घरगुती आवृत्ती. वर्गात एकच प्रयोग दाखवायला वेळ असेल तर मी हा दाखवीन.

पायरी ८: सगळे प्रकार एकत्र, म्हणजे भूकंप

सोलापुरात पन्नाशी ओलांडलेल्या कुणालाही ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट विचारा. गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतर, ३ वाजून ५६ मिनिटांनी, किल्लारीचा भूकंप झाला. सोलापूरपासून ते ठिकाण सरळ रेषेत साधारण ८० किलोमीटर.

खडक घन असतो, म्हणून त्यातून दोन्ही प्रकार निघतात. आधी पोचते ती प्राथमिक लहर, स्प्रिंगसारखी पुढे-मागे ढकलणारी, खडकात सेकंदाला सहाएक किलोमीटरने. तिच्या मागून दुय्यम लहर, पाइपसारखी आडवी हलवणारी, सेकंदाला साडेतीन किलोमीटरच्या आसपास. त्यांच्याही मागे पृष्ठावरून चालणाऱ्या दोन लहरी. एक रॅले लहर, १८८५ साली त्याच लॉर्ड रॅले यांनी आधी कागदावर मांडलेली. तिच्यात जमीन परातीतल्या चुरमुऱ्यासारखी लंबगोलात फिरते, फक्त उलट्या दिशेने: सर्वांत वर असताना मागे जाते. दुसरी लव्ह लहर, ऑगस्टस लव्ह यांनी १९११ मध्ये मांडलेली, जमिनीला आडवी फरपटणारी. घरांच्या पायांना तीच फार जाचते.

या लहरी भूकंपमापकाच्या कागदावर पहिल्यांदा वेगवेगळ्या ओळखल्या त्या भारतातल्या एका भूकंपाच्या नोंदींवर काम करताना. रिचर्ड ओल्डहॅम हे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले अधिकारी. १२ जून १८९७ च्या आसाम भूकंपाचा अभ्यास करताना त्यांना हे तीन टप्पे सापडले. १९०६ मध्ये त्यांनीच पृथ्वीला वेगळा गाभा असल्याचं लहरींवरून दाखवलं. दुय्यम लहर त्या गाभ्याच्या बाहेरच्या भागातून पार होत नाही. का होत नाही, ते तिसऱ्या पायरीत येऊन गेलं: तो भाग द्रव आहे.

आता कागद, कंपास आणि महाराष्ट्र-तेलंगण दाखवणारा नकाशा घ्या. जवळच्या भूकंपासाठी एक ढोबळ नियम आहे: प्राथमिक आणि दुय्यम लहर यांच्या येण्यातल्या सेकंदांना ८ ने गुणा, अंतर किलोमीटरमध्ये मिळतं. किल्लारीसाठी सोलापुरात हा फरक हिशेबाने १० सेकंद येतो. नकाशाच्या प्रमाणानुसार कंपास ८० किलोमीटरवर उघडून सोलापूरभोवती वर्तुळ काढा. ते किल्लारीजवळून जाईल, पण इतर शंभर गावांवरूनही जाईल. एका ठिकाणच्या नोंदीवरून अंतर कळतं, दिशा नाही. पुण्यासाठी फरक ३५ सेकंद धरा, म्हणजे २८० किलोमीटर, आणि हैदराबादसाठी साडेसत्तावीस, म्हणजे २२०. ती दोन वर्तुळंही काढा. तिन्ही एका नेमक्या बिंदूत भेटणार नाहीत, एक छोटा तिकोन उरेल, कारण ८ हा आकडा ढोबळ आहे. त्या तिकोनाच्या आत पेन्सिलने फुली मारा आणि शेजारचं गाव वाचा.